निळ्या फितीचा बॅरन

मेडनहेडच्या लीलावतीबाई शिगवणांच्या हातून एक्केचाळीस वर्षांत तीन हजारांच्या वर पोरं या जगात आली, आणि त्यांतला एक लॉर्ड निघाला. आता तीन हजारांत एखादं असं निघायचंच. त्याला बाई तरी काय करणार!

बाई आज एक्याऐंशीच्या. उंची बेताची, गुडघे कुरकुरणारे, पण हात असे की भरली किटली उचलली तरी थेंब इकडचा तिकडे होत नाही. संगमेश्वराकडच्या एका गावच्या सुईणीची ही लेक. आईनं अर्धा तालुका जन्माला घातला आणि लेकीला मात्र हट्टानं शिकवलं. गावची शाळा, मग मुंबईत नर्सिंग, आणि सदुसष्ट साली एक ट्रंक आणि दोन स्वेटर घेऊन ती विलायतेत उतरली. मिडवाइफ झाली, संसार झाला, मुलगा झाला, नवरा गेला, नात झाली. सगळं लंडनजवळच्या या मेडनहेडातच, स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एकाच घरात.

बाईंचा एक नेम होता. हॉस्पिटलचं रजिस्टर इंग्रजीत भरून झालं की घरी येऊन आपल्या लाल वहीत मराठीत नोंद करायची. कोण बाळंत झाली, किती वाजता, बाळ केवढं, अंगावर खूण काय. दर वर्षाची एक वही, अशा एक्केचाळीस वह्या. आणि त्या वह्यांचा कायदा हॉस्पिटलच्या कायद्याहून कडक. खाडाखोड करायची नाही. चूक झालीच तर तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, रेघेखालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. हाताखालच्या पोरींना त्यांनी हेच शिकवलं. नात अनुया गेल्या वर्षी मिडवाइफ झाली, तिलाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं. एक्केचाळीस वह्यांत मिळून अशा रेघा सात. सातही बाईंना तोंडपाठ, आणि त्यांचा बाईंना कोण अभिमान! लोक मेडलं मिरवतात, बाई आपल्या सात चुका मिरवायच्या.

तर अशा या बाईंच्या दारात एक जाडजूड पाकीट येऊन पडलं. वर उठावाचं चित्र, एका पायावर उभा बगळा आणि चोचीत मासा.

"आई, मच्छीवाल्याची जाहिरात आहे गं," यतीननं, म्हणजे बाईंच्या मुलानं, पाकीट टेबलावर टाकलं.

मच्छीवाला नव्हता. ड्रमकॅरनचे बॅरन होते. आयर्लंडचे लॉर्ड. सातवे बॅरन नुकतेच वारले होते आणि आठवे होऊ घातलेले त्यांचे चिरंजीव, रुपर्ट कॉर्डले, नर्स लीलाला भेटायला येणार होते.

आले. सोबत वकीलबाई, सतत घड्याळाकडे बघणाऱ्या. रुपर्टसाहेब पंचावन्न वर्षांचे, तोंड टोमॅटोसारखं, विजार मोहरीच्या रंगाची, करंगळीत बगळ्याची अंगठी. दारातच त्यांनी हात पुढे केला. त्यांचं नाक असं की पावसात उघड्यावर ठेवलं तर भरून जाईल.

"मी रुपर्ट कॉर्डले. म्हणजे आता खरं तर लॉर्ड ड्रमकॅरन. कागद व्हायचेत, एवढंच."

"बस, बाळ," बाई म्हणाल्या.

"साधारणपणे लोक मला लॉर्ड ड्रमकॅरन म्हणतात."

"म्हणू देत की. मी तुला नागडा बघितलाय. तुझी नाळ या हातानं कापलीय. बस. साखर किती?"

वकीलबाईंनी हसू गिळलं आणि फाइल उघडली. भानगड अशी होती. रुपर्टला एक जुळा भाऊ, मार्टिन. या लोकांत बापाची पदवी थोरल्या मुलाला, आणि थोरला म्हणजे जो आधी जन्मला तो, मिनिटभराचा फरक असला तरी. म्हणून तर या देशात जुळं झालं की जन्माच्या दाखल्यावर वेळ घालतात. पण या दोघांच्या बापानं जन्म नोंदवताना दोघांची एकच वेळ सांगितली, सव्वाचार. त्या दिवशी त्याला घोड्यांच्या शर्यतीचा निकाल ऐकायची घाई होती. ते मॅटर्निटी होम कधीच बंद पडलं, कागद गेले. उरली ती आईनं चांदीच्या डबीत जपून ठेवलेली एक निळी फीत, आणि तिच्यासोबत तिच्या अक्षरातली चिठ्ठी, की ही थोरल्याची, नर्स लीलानं रुपर्टच्या मनगटाला बांधलेली.

"आणि ती नर्स लीला हयात आहे, शेजारच्याच गावात आहे, हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला!" रुपर्ट म्हणाला. बाई आजवर हयात राहिल्या त्या जणू याच कामासाठी.

वकीलबाईंनी कागद पुढे सरकवला. बाईंनी शपथेवर लिहून द्यायचं, की मी लीलावती शिगवण, मी ज्या बाळाला निळी फीत बांधली ते बाळ आधी जन्मलं. बस्स, एवढ्या दोन ओळी. मग लॉर्डांच्या नावांची जी सरकारी यादी असते तिच्यात रुपर्टचं नाव चढणार.

"घाई नाही," रुपर्ट म्हणाला आणि लगेच घाईघाईनं पुढचं बोलला, "हो, आणि आपल्या भागात नवं बर्थ सेंटर होतंय ना, त्या कमिटीचा चेअरमन मी आहे. तिथल्या मुख्य खोलीला तुमचं नाव द्यावं असं माझ्या मनात आहे. पितळी पाटी. 'द लीला शिगवण रूम'. उद्घाटन मी करीन. लॉर्ड म्हणून."

जाताना तो दोन वस्तू ठेवून गेला. एक, नवीकोरी व्हिजिटिंग कार्डं, 'द लॉर्ड ड्रमकॅरन' असं सोनेरी अक्षरात छापलेली. कागद व्हायच्या आधी कार्डं! आणि दुसरं, आपल्या घराण्याच्या इतिहासाचं स्वतःच छापून घेतलेलं पुस्तक.

बाईंनी ते पुस्तक दोन दुपारी काचेच्या खोलीत बसून वाचलं आणि तिसऱ्या दुपारी लेस्टरला फोन लावला. तिकडे सुनीती, जुनी मैत्रीण, एकाच बॅचच्या नर्स दोघी. एक शिंकली तर दुसरीला कळणार इतक्या जवळच्या.

"सुनीती, पाय वर घेऊन बस. मी तुला एका राजघराण्याची कथा सांगते."

"आधी सांग, तो बगळेवाला कसा आहे?"

"ते सोड. पहिला बॅरन ऐक. घोड्यांचा दलाल! आयर्लंडची स्वतःची पार्लमेंट होती, हा तिच्यात मेंबर. अठराशे साली लंडनवाल्यांनी ठरवलं, ही पार्लमेंट बंद करायची. मग मतं हवीत. यानं मत दिलं आणि बदल्यात बॅरन झाला. म्हणजे काय गं? राहत्या घराचं दार विकलं आणि त्या दाराची कडी गळ्यात घालून मिरवला."

"अगंबाई! आणि मग लंडनला जाऊन बसला असेल खुर्चीवर?"

"तिथंच तर गंमत! लंडनच्या सभेत आयरिश लॉर्डांना सरसकट जागा नव्हतीच. त्यांनी आपल्यातले अठ्ठावीस निवडून पाठवायचे. याला कुणी निवडलं नाही. याच्या पोरालाही नाही, नातवालाही नाही. पुस्तकात लिहिलंय, 'घराण्यानं राजकारणापासून सन्माननीय अंतर राखलं.' अंतर राखलं! लग्नाचं आमंत्रण आलं नाही म्हणून कुणी म्हणावं, आम्ही पंगतीपासून अंतर राखलं!"

सुनीती तिकडे खोकेपर्यंत हसली.

"तिसऱ्याच्या काळात तिकडे बटाट्याचं पीक कुजलं, माणसं रस्त्यावर मेली. हा कुठं? इथं, बाथ गावी, गरम झऱ्याच्या पाण्यात बसून. आपल्या जमिनीला त्यानं उभ्या जन्मात पाय लावला नाही. त्याच्याबद्दल काय लिहिलंय माहितीय? 'प्रकृती नाजूक.'"

"मेला!"

"आणि चौथ्याला पाच मुली. पाच! एक तर डॉक्टरीण झालेली, त्या काळात. पण पदवी मुलीला नाही. मग शोधाशोध करून कॅनडातून एक चुलत चुलत भाऊ हुडकून काढला. कोंबड्या पाळायचा. तो झाला पाचवा बॅरन. पाच शिकलेल्या लेकी ओळीनं उभ्या, आणि मान कोंबडीवाल्याला. का, तर तो पुरुष! आता ते वाड्यासारखं घरही नाही, एकोणीसशे एकवीस साली लोकांनी जाळलं. जमीन नाही, सभेत जागा नाही. उरलं काय, तर नाव. रिकाम्या पातेल्यावरचं झाकण, आणि झाकणाला पॉलिश!"

"आणि त्या झाकणावर तुझी सही हवीय." सुनीती म्हणाली. "देऊन टाक. तुझं काय जातंय? पाटी मिळेल. मी येईन उद्घाटनाला, ती पैठणी काठाची निळी काढून."

खरं सांगायचं तर पाटीनं बाईंना आतून गुदगुल्या केल्या होत्या. एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांचं नाव एकदाही धड छापलं गेलं नव्हतं. रिटायर झाल्या तेव्हा एक केक मिळाला, त्यावरही कुणा दुसऱ्याच बाईचं नाव. आणि आता पितळेत, भिंतीवर! लॉर्डाच्या नावाला नाकं मुरडणाऱ्या बाईंनी आपल्या नावाच्या पाटीसाठी साडी मात्र मनातल्या मनात काढून ठेवली होती. माणूस हा असा असतो.

सही करण्याआधी तारीख-वेळ पक्की असावी म्हणून बाईंनी एकोणसत्तर सालची वही काढली. नोव्हेंबरची एकोणीस. चष्मा पुसला, वाचलं.

'कॉर्डले. जुळे, दोघे मुलगे. पहिला दुपारी ४.१०, पाच पौंड दोन औंस, डाव्या कानामागे मसुराएवढा काळा डाग. दुसरा ४.३५, पाच पौंड नऊ औंस, अंग स्वच्छ. आईनं विचारलं थोरला कोणता. दुसऱ्याच्या मनगटाला निळी फीत बांधली, थोरला म्हणून.'

बाईंनी परत वाचलं. मग खुर्चीवर बसल्या.

दुसऱ्याच्या. थोरला म्हणून. असं का? तर बाईंच्या गावचा हिशोबच तसा. आई सांगायची, पोटात जो आधी जाऊन बसतो तो आत खोलवर, नंतरचा दाराशी. म्हणून बाहेर येताना नंतरचा आधी येतो, आणि पहिल्यापासून बसलेला शेवटी. शेवटी येतो तो थोरला. गावात यावर कुणाची शंका नव्हती, नामकरण त्याच हिशोबानं, मुंजीची, लग्नाची घाईसुद्धा त्याच हिशोबानं. पंचवीस वर्षांच्या लीलेनं विलायतेत आईच्या हिशोबानं फीत बांधली, अगदी निःशंक मनानं. महिन्याभरानं दुसरं जुळं झालं, तेव्हा वरच्या सिस्टरनं तिची चूक पकडली, सगळा वॉर्ड हसला. लीला लाल झाली, नवा हिशोब शिकली आणि पुढं कधी चुकली नाही. पण कॉर्डल्यांची पोरं तोवर घरी गेली होती. आणि एका चिंधीच्या फितीवर आख्खी बॅरनकी लोंबकळतेय, हे त्या पोरीला कोण सांगणार?

म्हणजे पंचावन्न वर्षं जो थोरला म्हणून नाक वर करून फिरला, तो धाकटा. आणि ज्याला कुणी विचारलं नाही तो थोरला.

संध्याकाळी जेवताना बाईंनी सगळं सांगितलं. यतीन इथंच जन्मलेला, एका टेक कंपनीत मॅनेजर, प्रत्येक गोष्टीत प्रॅक्टिकल.

"आई, सही कर आणि मोकळी हो. हू केअर्स? दोघंही त्याच बापाचे. एकाला हौस आहे, एकाला नाही. तुझी पाटी लागेल. आणि पंचावन्न वर्षांनी आपलीच चूक चव्हाट्यावर कशाला मांडायची? लोक म्हणतील, नर्सला पहिला-दुसरा कळत नव्हता."

"पण बाबा, ते खोटा आहे," अनुया म्हणाली. तिची मराठी अशीच, 'खोटं'ला 'खोटा' आणि 'वही'ला 'तो वही'. "आज्जी, तू काय सांगितला होता मला? एक रेघ, सही, तारीख. मी गेल्या महिन्यात माझा चूक सगळ्या टीमसमोर लिहिला. मला रडू आला होता. तुझ्यामुळे लिहिला."

"ते हॉस्पिटलचं होतं गं. हे लॉर्डाचं आहे."

"बाळ बाळच असतो ना?"

बाईंनी नातीकडे पाहिलं आणि ताटातली आमटी भाताशी कालवत राहिल्या. कागद आठ दिवस फ्रिजवर, लंडन ब्रिजच्या चुंबकाखाली लटकला. दूध काढायला दार उघडलं की कागद डोळ्यांसमोर. सही केली तर पाटी. नाही केली तर नर्स लीलाची पहिल्याच वर्षातली चूक सगळ्या मेडनहेडाला माहीत. आणि केली, तर एक्केचाळीस वह्यांतली एक ओळ आयुष्यभर खोटी, तीही शपथेवर. बाई रात्री नीट झोपायच्या, पण त्या आठ दिवसांत चहात दोनदा मीठ पडलं.

नवव्या दिवशी त्यांनी वकीलबाईंना फोन केला. "सही करीन. पण दोन्ही भाऊ माझ्यासमोर हवेत."

"मार्टिनसाहेबांना यात रस नाही असं रुपर्टसाहेब म्हणतात."

"त्याला रस नसेना. मला आहे."

शनिवारी दोघं आले. मार्टिन थेम्स नदीवरच्या एका लॉकचा रखवालदार. वरच्या पाण्यातली बोट खालच्या पाण्यात उतरवायची, खालची वर चढवायची, दारं उघडायची, दारं लावायची. सायकलवरून आला, बूट दाराबाहेर काढले, आणि येताना बागेतली स्ट्रॉबेरी घेऊन आला. रुपर्ट गाडीतून आला आणि बूट घालून थेट बाईंच्या फिकट कार्पेटवर.

दोघं भाऊ एकमेकांना हलो म्हणाले, तेही असं की जणू बसस्टॉपवर भेटले.

"मार्टिन, इकडे ये, बाळ," बाई म्हणाल्या. "खाली वाक."

तो वाकला. बाईंनी त्याचा डावा कान धरून शाळेतल्या मास्तरासारखा पुढे वळवला. कानामागे मसुराएवढा काळा डाग. मग त्या रुपर्टकडे वळल्या.

"आता तू."

"हे काय चाललंय?"

"वाक रे!"

रुपर्ट वाकला. मनाविरुद्ध वाकला, पण त्या आवाजापुढे तीन हजार पोरं रडायची थांबली होती. कानामागे काही नाही. स्वच्छ.

बाईंनी वही उघडली. ओळीवर बोट ठेवून एक एक शब्द इंग्रजीत सांगितला. कोण आधी, कोण नंतर, फीत कुणाला, आणि का. आईचा हिशोबही सांगितला, काही लपवलं नाही.

"म्हणजे शेवटी बाहेर येणारा थोरला?" मार्टिन मनापासून विचार करू लागला. "माझ्या लॉकमध्ये तर जी बोट आधी आत शिरते, तीच आधी बाहेर पडते."

"तुझ्या लॉकला दोन दारं आहेत, बाळ," बाई म्हणाल्या. "बाईला एकच." वकीलबाई घड्याळाकडे बघायचं विसरल्या.

रुपर्टचा टोमॅटो आता वांग्याकडे झुकला. "हा निव्वळ अडाणीपणा आहे! कुठल्या तरी खेड्यातल्या अंधश्रद्धेवर माझी पदवी..."

"अडाणीपणा माझा, अगदी कबूल," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण त्या अडाणीपणाच्या जिवावरच तू पंचावन्न वर्षं थोरला झालायस. इतकी वर्षं गोड लागला ना?"

"ही वही कोण वाचणार? कुठल्या भाषेत आहे कुणाला ठाऊक!"

"मराठीत आहे. वाचणारी माणसं लाखांनी आहेत, तुझ्या बॅरनांपेक्षा बरीच जास्त."

"पाटीचं विसरा मग," तो म्हणाला. असं म्हणाला जणू बॉम्ब टाकला.

आणि बॉम्ब होताच तो, उगाच का लपवा. पितळ, भिंत, सुनीतीची निळी साडी, सगळं बाईंच्या डोळ्यांसमोरून गेलं. पण मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. करंगळीत बगळा, कार्पेटवर बुटांचा चिखल, आणि भाऊ शेजारी बसलेला असताना तोंडात त्याचं नावसुद्धा नाही. असल्या माणसाच्या हातून आपलं नाव भिंतीवर चढवून घ्यायचं? कोंबडीवाल्याच्या पणतूच्या मेहेरबानीनं?

"विसरले," बाई म्हणाल्या. "तसंही नाव चुकवूनच लिहिलं असतंस."

वकीलबाईंनी जुना कागद फाडला. बाईंनी नवा सांगितला, वकीलबाईंनी उतरवून घेतला, आणि बाईंनी सही केली. पहिला ४.१०, कानामागे डाग. दुसरा ४.३५, फीत चुकून त्याला. चूक माझी.

"मला हे नाकारता येईल का?" मार्टिननं विचारलं. "राजीनामा वगैरे?"

"दुसऱ्या काही पदव्या सोडता येतात," वकीलबाई म्हणाल्या. "आयरिश पदवी सोडायला कायदाच नाही. फक्त दावा न करता बसता येतं. मग यादीत नाव चढत नाही आणि सरकारी कागदावर कुणी तुम्हाला लॉर्ड म्हणत नाही."

"मग बसतो." मार्टिननं एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली. "सोमवारी माझ्या लॉकची खालची दारं दुरुस्त व्हायचीत."

"आणि माझं?" रुपर्ट ओरडला.

"भाऊ असेपर्यंत तुमचं काही नाही. त्यांना मुलगे?"

"दोन मुली," मार्टिन म्हणाला. "दोघी माझ्यापेक्षा हुशार."

"मुलींना मिळत नाही. म्हणजे त्यांच्या पश्चात, तुम्ही मागे उरलात तर, तुम्ही."

रुपर्टनं पहिल्यांदाच भावाकडे नीट निरखून पाहिलं. दंड पाहिले, पोट पाहिलं, जे नव्हतंच. सायकलचं हेल्मेट पाहिलं. आणि मग, देवाशपथ, अगदी मऊ आवाजात विचारलं,

"मार्टिन, तुझं ब्लडप्रेशर कसं असतं रे?"

ते गेल्यावर बाईंनी एकोणसत्तर सालची वही परत टेबलावर घेतली. अनुयाला हाक मारली. 'थोरला म्हणून' या दोन शब्दांवर पट्टी ठेवून एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'चूक. आधी जन्मलेला थोरला.' सही केली, आजची तारीख घातली.

"आठवी," त्या म्हणाल्या.

"साक्षीदार पण पाहिजे ना?" अनुयानं विचारलं आणि खाली मराठीत आपलं नाव लिहिलं, हळूहळू, उकार आधी विसरून मग नीट देऊन.

बर्थ सेंटर झालं. मुख्य खोलीला कुठल्या तरी बँकेचं नाव लागलं. सुनीतीनं फोनवर मनसोक्त शिव्या घातल्या, बँकेला आणि बगळ्याला दोघांनाही. सोनेरी कार्डांची बाईंनी एक गड्डी करून फ्रिजशेजारी ठेवली आहे. मागची बाजू कोरी आणि कागद जाड, त्यामुळे वाणसामानाची यादी लिहायला फार छान. कोथिंबीर, दूध, गव्हाचं पीठ, आणि उलटून बघावं तर द लॉर्ड ड्रमकॅरन.

मार्टिन अधूनमधून येतो, बागेतलं काहीबाही घेऊन. परवा आला तो हसतच.

"नर्स लीला, पंचावन्न वर्षांत वाढदिवसालाही फोन न करणारा माझा भाऊ आता दर रविवारी फोन करतो. झोप कशी, खोकला गेला का, डॉक्टरकडे कधी जाणार. आणि सायकलवरून जाऊ नकोस म्हणतो, ट्रॅफिक फार असतो म्हणे."

"म्हणजे माया वाटायला लागली म्हणायची!"

"छे! त्याच्या मुलानं सांगितलं, फोन ठेवला की तो वहीत लिहून ठेवतो. खोकला आहे की गेला."

बाईंनी त्याच्यापुढे डब्यातली नाचणीची भाकरी आणि लोण्याचा गोळा सरकवला.

"खा, बाळ," त्या म्हणाल्या. "नव्वदीपर्यंत जगायचंय तुला. आणि पुढच्या रविवारी त्याला सांग, खोकला साफ गेला."